मॅट्रिकच्या वर्गातील भाकिते

शाळेच्या अखेरच्या वर्षी, परीक्षेचे अर्ज रवाना झाल्यावर आणि अभ्यासाची खरी निकड लागण्यापूर्वी जे थोडे मोकळे दिवस विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतात, त्या दिवसांत शाळेच्या ओट्यावर किंवा आवारातल्या निंबाखाली बसून, आपल्या सोबत्यांपैकी कोण पुढे काय होईल याची भाकिते करण्याची चाल वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अमका वकील होणार, तमका तहसीलदार होणार, गणितात पहिला येणारा प्रोफेसर होणार आणि मागच्या बाकावरचा थोराड मुलगा घरची शेती पाहणार, अशा स्वरूपाची ही भाकिते असतात. ती कोणी लिहून ठेवीत नाही, आणि लिखित साधनांवर भिस्त ठेवणारा इतिहासकार त्यांच्याकडे सहसा वळत नाही. तथापि, एखाद्या प्रांतातील तरुणांना कोणत्या काळी कोणते आयुष्य शक्य वाटत होते हे जाणावयाचे असेल, तर खात्यांच्या वार्षिक अहवालांपेक्षा या निरुपद्रवी गप्पांतूनच अधिक उमज पडेल, असे मला वाटते. त्यासाठी अमरावती आणि अकोला ही दोन गावे विचारात घेणे सोयीचे आहे. कारण वऱ्हाडातील आरंभीची दोन सरकारी हायस्कुले याच दोन गावी उघडली गेली आणि प्रांतातल्या हुशार मुलांचा ओघ कित्येक वर्षे त्यांच्याकडेच वाहत राहिला.

ही चाल वाटते तितकी प्राचीन नाही. ज्या काळी मुले पंतोजींच्या शाळेत मोडी वळणे गिरवीत आणि पावकी-निमकीची घोकंपट्टी करीत, त्या काळी हा पुढे कोण होईल, असा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. पाटलाचा मुलगा पाटीलकी करी, पटवाऱ्याचा मुलगा दप्तर सांभाळी, देशमुख-देशपांड्यांच्या घरची मुले परगण्याचे मानपान आणि हक्क चालवीत, जोशाचा मुलगा पंचांग वाची, आणि बलुतेदाराच्या मुलाला बापाचे हत्यार हाती धरावे लागे. सनदेने आणि वहिवाटीने भविष्य आधीच ठरलेले असल्यामुळे त्याविषयी तर्क करण्यास जागाच उरत नसे. सोबत्याच्या भवितव्याविषयी कुतूहल वाटण्यासाठी ते भवितव्य निदान काही अंशी मोकळे असावे लागते, आणि हा मोकळेपणा वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हायस्कुलाबरोबरच आला.

तो येण्याची कारणे त्या काळच्या राज्यव्यवहारात आहेत. 1853 च्या तहान्वये, फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी, निजामाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला, आणि हैदराबादच्या रेसिडेंटाच्या देखरेखीखाली येथे नवी मुलकी व्यवस्था सुरू झाली. कमिशनर आणि डेप्युटी कमिशनर यांच्या कचेऱ्या, तहसिली, दिवाणी-फौजदारी अदालती, जमिनीची मोजणी आणि रयतवारी जमाबंदी या सर्वांना लिहिते-वाचते मनुष्यबळ हवे होते. इतक्यात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 पासून 1865 पर्यंत तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला, आणि अमरावती, अकोला व खामगाव येथील पेठा गजबजून गेल्या. भुसावळहून वऱ्हाडातून जाणारा लोहमार्ग 1867 साली नागपुरास पोहोचला. 1870 साली खामगावच्या कापूसबाजाराचे आणि तेथल्या रेल्वेफाट्याचे उद्घाटन खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले. शिक्षणखात्याची रीतसर घडण याच सुमारास झाली. कचेरी, कापूस आणि आगगाडी या तिहींनी मिळून ज्या नव्या वाटा उघडल्या, त्यांच्या तोंडाशी हायस्कूल उभे होते, आणि 1857 साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा हा त्या वाटांचा परवाना होता.

तरीही हा मोकळेपणा अमर्याद नव्हता. कारकुनी, मास्तरकी, तारखाते वा रेल्वे, आणि ज्यांची ऐपत व बुद्धी दोन्ही बेताबाहेरची त्यांच्यासाठी कॉलेज व त्यापुढे वकिली किंवा मुनसफी, एवढ्याच वाटा मुलांना डोळ्यांसमोर दिसत. पुढे शिकावयाचे तर वऱ्हाड सोडावे लागे. पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. नागपुरात हिस्लॉप कॉलेज 1883 साली आणि मॉरिस कॉलेज 1885 साली निघाले तेव्हा ही वाट काहीशी जवळ आली. पण खुद्द अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघण्यास 1923 साल उजाडावे लागले. म्हणून पहिल्या पिढीतील भाकितांमध्ये ‘एम. ए.’ हे शब्द एखाद्या पर्वतशिखरासारखे उच्चारले जात.

या काळातील एक भाकीत, सुदैवाने, चरित्रकारांनी टिपून ठेवले आहे. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी 1856 साली जन्मलेला, घरची अत्यंत गरिबी असलेला, कचेरीत उमेदवारी करून आणि दवाखान्यात औषधे वाटून शिक्षणाचा मार्ग शोधणारा एक मुलगा नातलगांच्या आधाराने अकोल्यास आला आणि तेथल्या हायस्कुलात दाखल झाला. हा मुलगा म्हणजे गोपाळ गणेश आगरकर. तेथे विष्णु मोरेश्वर महाजनी हे विद्वान एम. ए. त्यांना शिक्षक म्हणून लाभले. वर्गात एकदा महाजनींनी मुलांच्या मंदपणावर रागावून, तुमच्या हातून पुढे काय होणार, अशा आशयाचे उद्गार काढले, तेव्हा आगरकर तडक उभे राहून, आपण त्यांच्यासारखे एम. ए. होऊन दाखवू, नाहीतर आपले नाव लावणार नाही, असे म्हणाले, अशी हकिकत सांगितली जाते. शिक्षकाने वर्तविलेले भविष्य विद्यार्थ्याने भर वर्गात नाकारावे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आणि महाजनींचे थोरपण असे की, याच विद्यार्थ्यावर त्यांचा पुढे लोभ जडला. 1875 साली आगरकर अकोल्याहून मॅट्रिक झाले. अकोल्यातच 1867 साली सुरू झालेल्या ‘वऱ्हाड समाचार’ पत्रात त्यांनी लेखनाचे पहिले धडे गिरविले, आणि 1880 साली डेक्कन कॉलेजातून ते खरोखरच एम. ए. झाले.

येथवर भाकीत पूर्णपणे खरे ठरले. परंतु पुढे जे झाले त्याची कल्पना अकोल्याच्या त्या वर्गातल्या कोणालाही, अगदी स्वतः आगरकरांनाही, करता आली नसती. एम. ए. झालेल्या तरुणाला मोठ्या पगाराची सरकारी जागा सहज मिळत असताना, आता आपल्याकडून श्रीमंतीची अपेक्षा करू नये असे आईला कळवून, ते टिळक आणि चिपळूणकर यांच्या न्यू इंग्लिश स्कुलात तुटपुंज्या वेतनावर रुजू झाले. 1881 साली निघालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक झाले, 1882 साली कोल्हापूर प्रकरणात टिळकांसह त्यांनी डोंगरीचा तुरुंग भोगला, 1888 साली ‘सुधारक’ काढून रूढींविरुद्ध एकाकी झुंज दिली, 1892 साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि 1895 साली, वयाची चाळिशी न गाठताच, त्यांचे देहावसान झाले. अकोल्याच्या वर्गाला पदवी दिसत होती. त्या पदवीचा त्याग करून जगता येते, हे दिसण्याची सोय त्या काळात नव्हती. ती सोय आगरकरांसारख्यांनी पुढच्या पिढीसाठी केली.

अमरावतीकडे पाहिले असता चित्र निराळे, पण निष्कर्ष तोच येतो. गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा जन्म 1854 चा. शालेय शिक्षण नागपूर आणि अमरावती येथे झाले. 1884 साली ते कायद्याचे पदवीधर झाले, काही वर्षे त्यांनी वऱ्हाडात मुनसफीची आणि मुलकी अधिकाराची नोकरी केली, आणि 1890 च्या सुमारास नोकरी सोडून अमरावतीत वकिली सुरू केली. येथवरचा प्रवास कोणत्याही सोबत्याने अचूक सांगितला असता. कारण हुशार मुलाने वकील व्हावे हेच त्या पिढीचे सर्वोच्च स्वप्न होते. परंतु 1897 च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत भरले, आणि दादासाहेब खापर्डे त्याच्या स्वागत समितीचे अध्यक्ष म्हणून उभे राहिले, तेव्हा वकिली हा शब्दच नव्या अर्थाने वऱ्हाडास कळू लागला. त्याच अमरावतीत वकिली करणारे रंगनाथ नरसिंह मुधोळकर 1912 साली बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. इतःपर अमरावतीच्या मुलाने सोबत्याविषयी ‘हा वकील होईल’ असे म्हटले, तर त्यात केवळ अशिलांची गर्दी आणि टोलेजंग वाडा एवढेच अभिप्रेत नसे. व्यासपीठही अभिप्रेत असे. व्यवसाय तोच राहिला, पण त्याच्याशी निगडित झालेले स्वप्न पालटले.

अकोल्याच्या हायस्कुलातून 1888 साली मॅट्रिक झालेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे याच वाटेने गेले: पुण्यास बी. ए., 1897 साली एल्‌एल्. बी., आणि नंतर अकोला, खामगाव व जळगाव-जामोद येथे वकिली. परंतु महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो ‘वीरतनय’, ‘मूकनायक’ यांचा नाटककार, ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणारा विनोदाचा आद्य आचार्य आणि गडकरी-खांडेकरांचा गुरू म्हणून. अकोल्यात शिकविणारे महाजनी 1907 साली, आणि अकोल्यात शिकलेले कोल्हटकर 1927 साली, पुण्यास भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मधल्या काळात, 1912 साली, हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन खुद्द अकोल्यात भरले. एका जिल्ह्याच्या गावातील शाळेच्या परिसरात वाङ्मयाचे वातावरण असे टिकून राहिले की, वकिलीची सनद घेतलेल्या मनुष्याने नाटके लिहिणे तेथे कोणास विचित्र वाटेनासे झाले.

या तिन्ही उदाहरणांत एक उणीव मात्र ठळकपणे दिसते. भाकीत होण्यासाठी आधी वर्गात बसावे लागते, आणि त्या वर्गांत कुणब्यांची मुले फार थोडी होती, अस्पृश्य मानलेल्या समाजांची त्याहून थोडी, आणि मुली जवळजवळ नव्हत्याच. मुलामुलींना एकत्र आणि एकच शिक्षण द्यावे असा आग्रह आगरकरांनी पुढे धरला; ते स्वतः मात्र केवळ मुलग्यांच्या वर्गांतून शिकून बाहेर पडले होते. ज्यांना शाळेने दाराबाहेर ठेवले त्यांच्याविषयी कोणी भाकीत केले नाही, आणि वऱ्हाडच्या इतिहासातील मोठी हानी याच न झालेल्या भाकितांत आहे.

ती उणीव भरून काढण्याचे काम ज्यांनी हाती घेतले त्यांत अमरावतीच्याच हिंदू हायस्कुलाचा एक विद्यार्थी अग्रभागी होता. पंजाबराव देशमुख यांचा जन्म 1898 साली अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. चांदूर रेल्वे, कारंजा आणि अमरावती अशी एकेक शाळा पार करीत हा मुलगा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात, तेथून एडिंबरोस व ऑक्सफर्डला गेला, वेदवाङ्मयातील धर्मविचारावर प्रबंध लिहून डॉक्टर झाला, बॅरिस्टर झाला आणि अमरावतीस परतला. कुणब्याच्या मुलाने वेदांवर ग्रंथ लिहावा हे त्या काळच्या कोणत्याही वर्गाच्या कल्पनेपलीकडचे होते. परंतु पंजाबरावांची खरी थोरवी परतल्यानंतरच्या कामात आहे. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून 1927 साली उभ्या राहिलेल्या चळवळीत ते होते. खेड्यातल्या मुलांसाठी त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले. आणि 1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन करून वऱ्हाडातील गावोगावच्या शेतकऱ्यांच्या मुलांना मॅट्रिकच्या वर्गात आणून बसविले. 1952 ते 1962 या काळात ते भारताचे कृषिमंत्री होते, आणि 1969 साली अकोल्यात स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठास त्यांचेच नाव देण्यात आले. ज्याच्याविषयी वर्गाने फार तर ‘हा पाटीलकी करील’ असे म्हटले असते, त्याने हजारो मुलांविषयी भाकिते करता येतील अशी परिस्थिती निर्माण केली.

राष्ट्रीय चळवळीने या भाकितांत आणखी एक अनपेक्षित स्थान आणून बसविले, ते म्हणजे तुरुंग. असहकाराच्या काळात अकोल्यात राष्ट्रीय शाळा निघाली. 1930 साली समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या अकोल्याजवळच्या दहीहंडा गावी खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडण्यात आला. आणि शिक्षणाची प्रतिष्ठा व सरकारदरबारची प्रतिष्ठा या दोन गोष्टी एकमेकींपासून अलग झाल्या. अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 साली स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तर आखाड्यात रमणाऱ्या, पुस्तकात मन न लागणाऱ्या मुलांचेही भवितव्य पालटून टाकले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. मल्लखांब आणि हुतूतू यांनी मनुष्य जर्मनीस जाईल, हे भाकीत करण्याचे धाडस कोणत्या वर्गाने केले असते?

स्वातंत्र्यानंतर ही चाल अधिक उघड आणि समारंभपूर्वक होऊ लागली. निरोप समारंभ, खुर्च्यांवर गुरुजन आणि मागे रांगांनी उभे विद्यार्थी असे सामुदायिक छायाचित्र, हस्ताक्षरांची वही, आणि स्नेहसंमेलनातील फिशपाँड, या सर्वांतून सोबत्यांची भवितव्ये जाहीरपणे सांगितली जाऊ लागली. 1975 साली अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची शालान्त परीक्षा आली, तोवर वकील आणि तहसीलदार यांची जागा डॉक्टर आणि इंजिनियर यांनी घेतली होती; पुढे पुणे, बंगळूर आणि परदेश यांनी ती व्यापली. भाकितांचा आवाका भूगोलाने वाढला, परंतु व्यवसायांच्या दृष्टीने तो आकसला, असे म्हणावे लागते. बालपणी पोलिओने पाय अधू झालेला अमरावतीचा सुरेश भट मराठी गझलेला घराघरांत नेईल, हे ‘डॉक्टर’ आणि ‘इंजिनियर’ या दोन शब्दांत कोठेच बसत नव्हते.

आणि शेती पाहणाऱ्या त्या सोबत्याचे काय झाले? ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण जेव्हा सार्थ होती तेव्हा घरची शेती पाहणे हे भाकीत कमीपणाचे नव्हते. कापसाच्या गाड्या जिनात रिकाम्या करून परतणारा खातेदार वकिलाइतक्याच मानाने वावरे. पुढे उत्पादनाचा खर्च आणि मालाचा भाव यांचे प्रमाण बिघडत गेले, 1972 साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदीची योजना काही वर्षे आधार देऊन दुर्बळ झाली, कर्जबाजारीपणा वाढला, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे 2006 साली केंद्र सरकारला अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर करावी लागली. त्या आपद्‌ग्रस्त शेतकऱ्यांपैकी कित्येक जण कोणत्या ना कोणत्या वर्गाच्या छायाचित्रात मागच्या रांगेत उभे आहेत. त्यांच्याविषयी केलेले भाकीत शब्दशः खरे ठरले, आणि त्या खरेपणाएवढी वेदना देणारी दुसरी गोष्ट वऱ्हाडच्या अर्वाचीन इतिहासात नाही. सोबत्याची वाट आपण निश्चित सांगू शकलो म्हणून तिच्यावर काय वाढून ठेवले आहे हे आपल्याला कळले, असे होत नाही.

या दीडशे वर्षांच्या अनुभवातून माझ्या मते जो निर्णय निघतो तो असा की, वर्गाने केलेली भाकिते बहुधा सोबत्यांच्या गुणांचा अंदाज नसून त्या काळात उघड्या असलेल्या वाटांची मोजदाद असते. जी आयुष्ये समाजाला मोलाची ठरली ती त्या मोजदादीबाहेरची होती, आणि जी आयुष्ये उद्ध्वस्त झाली त्यांची जबाबदारीही केवळ त्या माणसांवर टाकता येत नाही. म्हणून शिक्षकाने आणि पालकाने मुलाचे भविष्य वर्तविण्यात उतावीळ होऊ नये. महाजनींप्रमाणे आपले भाकीत खोटे ठरविणाऱ्या विद्यार्थ्यावर लोभ करण्याइतके मन मोठे ठेवावे.

आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. प्रत्येक शाळेत दाखलखारीज रजिस्टर असते. त्यात विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, वर्तणूक आणि शाळा सोडल्याचे कारण एवढे लिहिलेले असते. तो कोठून आला हे त्यातून कळते, कोठे गेला हे कळत नाही. अमरावती-अकोल्याच्या ज्या शाळांनी शंभरी गाठली किंवा ओलांडली आहे, त्यांच्या माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आता वरचेवर भरतात. त्या मेळाव्यांत सत्कार आणि भोजने होतात ती व्हावीत. पण प्रत्येक वर्गाने आपल्या सोबत्यांविषयी तेव्हा काय वाटले होते आणि प्रत्यक्षात काय घडले, हे नावनिशीवार लिहून काढावे. त्यात मॅट्रिकपूर्वीच शाळा सोडलेल्यांना, लग्न होऊन दूर गेलेल्या मुलींना आणि शेतीवर राहिलेल्यांना वगळू नये. हे काम कोणतेही सरकारी खाते करणार नाही, आणि सोबती हयात आहेत तोवरच ते होण्यासारखे आहे. ज्यांनी एका वर्गात बसून भाकिते केली, त्यांनीच त्यांचा खरा वृत्तांत लिहून आपापल्या शाळेच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावा, अशी माझी या दोन्ही गावांतील वाचकांना आग्रहाची विनंती आहे.